शुक्रवारच्या दळणातली अर्धी ओवी

मित्रांनो, माझ्या डोक्याला पडलेला पोचा बघून हसू नका. तो पोचा मी देवळाली प्रवराच्या एका लग्नात कमावला आहे. नवरदेवाच्या मामानं मला हातात धरून असा काही नाच केला, की मी सुटलो तो थेट दगडी पायरीवर तोंडघशी पडलो. दुसरा एखादा नाजूक असता तर तिथंच मुका झाला असता. मी मात्र उचलल्याबरोबर 'हॅलो, हॅलो' म्हणून दाखवलं. मी माईक आहे, जुन्या घडणीचा, लोखंडी अंगाचा, जाड वायरीचा. माझ्या मानेवर एक सरकतं बटण आहे. वर सरकवलं की मी ऐकतो, खाली सरकवलं की मी ठार बहिरा. या एवढ्याशा बटणानं माझ्या आयुष्यात जे केलं, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. कळायला लागलं ते बेलापुरात, राधाकृष्ण स्पीकरवाल्यांच्या दुकानात. राधाकृष्णांनी मला खोक्यातून काढलं, फुंकर मारली, कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाले, "चला, आता कामाला लागा." तेव्हापासून तीस वर्षं मला उसंत नव्हती. लग्नात आहेर पुकारायचे, जयंतीला भाषणं, सप्ताहात कीर्तन, मतांच्या दिवसांत जीपमधून गावोगाव ओरडणं, सगळं मी केलं. त्या काळात ज्याच्या मांडवात राधाकृष्णांचा माईक नाही, ते लग्न लोक लग्नच धरत नसत. थोडी बढाई मारतो आहे, पण म्हाताऱ्याला तेवढी सूट द्या.

मला सगळ्यांत आवडायचं ते शनिशिंगणापूरचं काम. शनी अमावस्येला तिथं मुंगीला शिरायला वाट नसायची. दर घटकेला कुणाची तरी आजी हरवायची, कुणाचं तरी पोर. राधाकृष्ण मला तोंडाशी धरायचे आणि सावकाश, एकेक अक्षर मोकळं करून पुकारायचे, "अमक्या गावचे तमके, जिथं असाल तिथून स्टेजपाशी या. तुमची माणसं तुमची वाट बघत आहेत." तेच वाक्य, दिवसभर. आणि माणसं यायची हो! रडत, धापा टाकत, एका पायात चप्पल घालून यायची. त्यांची भेट झाली की राधाकृष्ण माझं बटण बंद करून डोळे पुसायचे.

बटणाच्या बाबतीत हा माणूस फार कडक होता. बोलणाऱ्याच्या हातातून माईक ओढायचा नाही आणि माणूस थांबल्याशिवाय बटण खाली करायचं नाही, हा त्यांचा नेम. एकदा एका शोकसभेत एक म्हातारा बोलायला उभा राहिला आणि नुसता रडतच राहिला. आयोजक खुणा करायला लागले, बंद करा, बंद करा. राधाकृष्ण ढिम्म हलले नाहीत. पाच मिनिटांनी म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि एकच वाक्य बोलला, "माझा भाऊ माझ्या वाटणीचंबी राबला." अख्खी सभा रडली. घरी आल्यावर राधाकृष्ण आपल्या लेकीला म्हणाले, "विजा, बटण माणसाच्या सोयीनं दाबायचं असतं. घड्याळाच्या नाही." लेकीनं मान हलवली. ती तेव्हा नुकती शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती आणि तिचा एक डोळा घड्याळावरच होता.

पुढं मोठमोठ्या खोक्यांचे आवाज आले, बिनवायरीचे चकचकीत माईक आले. मला कोण विचारतो? राधाकृष्ण थकले आणि एक दिवस गेले. मी पत्र्याच्या पेटीत, गुंडाळलेल्या वायरींच्या खाली जाऊन पडलो. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. अंधारात वर्षं मोजता येत नाहीत. एक झुरळ तेवढं सोबतीला होतं, तेही बोलकं नव्हतं.

मला पेटीतून काढलं ते विजयमालाबाईंनी, राधाकृष्णांच्या त्याच लेकीनं. आता त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, घरात त्या एकट्या. शाळा सुटल्यावर बाईंना घर खायला उठलं होतं. त्यांनी गावोगाव फिरून बायकांची गाणी गोळा करायला घेतली. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, हळदीची गाणी, भीमाची गाणी, शेतातली भलरी, असं सगळं त्या मोबाईलवर उतरवून आणायच्या. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणारी मोनिका त्यांना म्हणाली, "बाई, हे तुमच्या कपाटात ठेवून काय उपयोग? इंटरनेटवर रेडिओ सुरू करा. लिंक पाठवली की दुबईतला माणूससुद्धा ऐकेल." तिनं कुठून तरी एक छोटा डबा आणून माझी जाड वायर लॅपटॉपला जोडून दिली. नवा माईक घ्या असंही ती म्हणाली. बाई वडिलांना दादा म्हणत. त्या म्हणाल्या, "माईक दादांचाच राहील." मित्रांनो, त्या दिवशी मला काय वाटलं, ते मी कसं सांगू!

अशा रीतीनं 'शुक्रवारचं दळण' सुरू झालं. दर शुक्रवारी दुपारी चार ते पाच, बाईंच्या माजघरातून. पंखा बंद, कारण त्याची घरघर मला ऐकू येते. खिडकीला गोधडी. दर आठवड्याला एकच विषय. चूल, विहीर, बांगड्या, एसटीचा थांबा, सवत, शेजारीण. विषयाची सगळी गाणी एकापाठोपाठ एक, मध्ये बाईंचं गोड, नेमकं बोलणं, आणि एखादी पाहुणी असली तर तिचं गाणं थेट माझ्यासमोर. वर्षभराचे विषय बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवले होते. विहिरीच्या दिवशी कुणी चुलीचं गायला लागलं, की बाई हसून हात वर करायच्या आणि बटण खाली सरकवायच्या. बत्तीस वर्षं पोरांना 'विषय सोडून लिहू नका' असं सांगितलेला हात तो. चाळीस ऐकणाऱ्यांचे दोनशे झाले. पुण्याहून, नाशिकहून, परदेशातून लोक लिहायचे, की बाई, शुक्रवारची वाट बघतो. मी पुन्हा माणसांत आलो होतो. मग मीही कधी बटणाबद्दल कुरकुर केली नाही. ते माझं चुकलंच.

एका शुक्रवारी कार्यक्रम चालू असताना लॅपटॉपवर एक निरोप उमटला. बाईंनी तो मोठ्यानं न वाचता मनातच वाचला. 'बाई, मी भीमराज. तुमच्या चौथीच्या वर्गातला. वापीला कंपनीत हाय. दर शुक्रवारी ऐकतो. एकदा माझ्या आईला गायला लावा.'

भीमराज म्हणजे बायडाबाईंचा एकुलता एक लेक. त्याची हकिगत साऱ्या बेलापूरला ठाऊक होती. नऊ वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. निरोप उशिरा पोचला, सुट्टी उशिरा मिळाली, गाडीही उशिरानंच लागली. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. दारात पाहुणे बसलेले, पंगत मांडलेली. दुःखानं वेडीपिशी झालेली बायडाबाई उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "आता कशाला आलास? जेवायला?" भीमराज उंबऱ्यावरूनच माघारी फिरला. घोटभर पाणीसुद्धा प्याला नाही. तेव्हापासून त्याची गावाकडं पाठ ती पाठच.

दुसऱ्या दिवशी बाई बायडाबाईंकडं गेल्या आणि निरोप सांगितला. मोनिकालाही ते कळलं. मोनिका म्हणाली, एवढंच ना, भीमराजचा नंबर मागून घेऊ, फोन लावून देऊ. पण बायडाबाईंनी साफ नकार दिला.

"फोनवर काय बोलू? बोलूनच तर समदं बिघाडलं. मी गाऊन सांगन. चारचौघांत बोलले व्हते, चारचौघांतच माघारी घ्याया पायजे."

पुढच्या शुक्रवारी बायडाबाई आल्या. धुतलेलं पांढरं पातळ, डोक्यावर पदर, हातात काठी. चपला बाहेर काढल्या आणि देवळात आल्यासारख्या माझ्यासमोर बसल्या. त्या दिवशीचा विषय होता मीठ. बाईंनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. बायडाबाईंनी माझ्याकडं बघितलं, घसा खाकरला आणि मिठाच्या ओव्या सुरू केल्या. अहाहा! आवाज चिरकला होता, दम पुरत नव्हता, पण जात्याच्या पाळीसारखा तो गोल फिरत होता.

मीठ न्हाई भाजीत, चव न्हाई त्या घासाला,
माय न्हाई ज्या घरात, कोन पुसं पावन्याला.

तीन ओव्या झाल्या. चौथीला बायडाबाई थांबल्या. त्यांनी डोळे मिटले. हात गुडघ्यावर होता, तो जात्याचा खुंटा धरावा तसा आवळला गेला. आणि त्या गायल्या,

बोलून गेले वंगाळ, न्हाई जिभेला हाड...

मित्रांनो, ओवी दोन ओळींची असते. पहिली ओळ टाकायची, दम घ्यायचा, मग दुसरी. बायडाबाईंनी दम घेतला. त्या दमाचा आवाजही मी ऐकला. आणि विजयमालाबाईंचा हात माझ्या मानेवर आला. बटण खाली सरकलं.

मी बहिरा झालो. दिसत मात्र सगळं होतं. बायडाबाईंचे ओठ उघडे होते, ते हळूहळू मिटले. बाई हसून, अगदी प्रेमानं त्यांना काहीतरी समजावत होत्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवत होत्या. त्या दुष्ट नव्हत्या हो. त्यांच्या मनात इतकंच होतं, की ही ओवी मिठात वाया घालवायची नाही. 'लेक' हा विषय तीन आठवड्यांवर आला होता, तिथं ती सोन्यासारखी शोभली असती. मग बाईंनी मिठाचं दुसरं गाणं लावलं. तेवढ्यात लॅपटॉपवर निरोप आला. गाणं संपल्यावर त्यांनी बटण वर केलं आणि तो वाचून दाखवला, "वापीहून भीमराज विचारतात, बाई, पुढची ओळ?" आणि लगेच उत्तर दिलं, "ती ओळ तिसऱ्या शुक्रवारी. विषय लेक. जरूर ऐका."

बायडाबाई म्हणाल्या, "बरं. ईन की." जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "बाई, तिसरा म्हंजी कंचा?" बाईंनी बोटांवर मोजून दाखवलं.

पुढच्या शुक्रवारी त्या पुन्हा आल्या, तेच पांढरं पातळ नेसून. आज हाय का, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, आज बांगड्या आहेत, अजून दोन शुक्रवार. बायडाबाई उंबऱ्यापाशी टेकल्या, तासभर बांगड्यांची गाणी ऐकली आणि काठी टेकत परत गेल्या. मला तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी बाईंना सांगावं, की गाऊ द्या हो त्या म्हातारीला. पण मी पडलो माईक. मी दुसऱ्याचं बोलणं मोठं करतो, माझं स्वतःचं मला बोलता येत नाही.

तिसरा शुक्रवार दोन दिवसांवर आला आणि बुधवारी सकाळी बायडाबाई चुलीपुढं कोसळल्या. त्यांना श्रीरामपूरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, माणसं ओळखतात, ऐकू येतं, पण बोलणं परत येईल अशी आशा धरू नका.

शुक्रवारी चार वाजता बाई माझ्यासमोर बसल्या. 'लेक' या विषयाचा कागद पुढं होता, गाणी लावून ठेवली होती. त्यांनी कागद उलटा केला. दोनशे माणसं ऐकायला बसली होती. मग बाई बोलल्या. सावकाश, एकेक अक्षर मोकळं करून. मी दचकलो, कारण तो सूर माझ्या ओळखीचा होता.

"वापीचे भीमराज, जिथं असाल तिथून बेलापूरला या. तुमचं माणूस तुमची वाट बघत आहे."

तीनदा त्यांनी तसं पुकारलं. नंतर सांगितलं, की तुमची आई श्रीरामपूरच्या दवाखान्यात आहे, तिला बोलता येत नाही, आणि ती बोलत होती तेव्हा मी बटण बंद केलं. त्या दिवशी एकही गाणं लागलं नाही.

भीमराज दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ दवाखान्यात पोचला. आठवड्यानं बायडाबाईंना घरी आणलं, त्या शुक्रवारी बाईंनी मला आणि लॅपटॉपला पिशवीत घातलं आणि मोनिकाला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. खाटेवर बायडाबाई, उशाशी भीमराज. केस पिकायला लागलेला, रुंद खांद्यांचा माणूस, पण आईचा हात असा धरून बसला होता, की मला तो चौथीतलाच वाटला. बाई त्याच्यापुढं हात जोडून उभ्या राहिल्या. आपल्या विद्यार्थ्यापुढं हात जोडणारी मास्तरीण मी पहिल्यांदाच बघितली. एवढंच म्हणाल्या, की मला थांबायला पाहिजे होतं.

भीमराज म्हणाला, "बाई, तुमी एकल्या न्हाई. मीबी त्या दिवशी उंबऱ्यावरनं फिरलो. फुडं ती काय बोलती हुती, ते ऐकाया मीबी थांबलो न्हाई."

बाईंनी बटण वर केलं आणि मला बायडाबाईंच्या तोंडाशी धरलं. जात्यावर दोघी बसल्या, की एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं ती उचलायची, अशी रीत आहे. भीमराज लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ते ऐकत झोपायचा. त्यानं आईची ओळ म्हटली, पुरुषी, बेसूर आवाजात. बोलून गेले वंगाळ, न्हाई जिभेला हाड. मग तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. बायडाबाईंचे ओठ थरथरले. घशातून नुसता हुंकार आला, "हं... हं..." त्या पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओळ येईना. बाईंचा अंगठा माझ्या मानेवर होता, मला त्याचा घाम लागत होता. अंगठा हलला नाही. शेवटी भीमराजनं ओळ उचलली.

दारात उभा हाय गं आई, कडी तेवढी काड.

बायडाबाईंनी चांगला असलेला डावा हात उचलला आणि लेकाच्या तोंडावरून, कपाळावरून, केसांवरून फिरवला. पाच वाजून गेले, सव्वापाच झाले. बटण वरच होतं. वापीपासून दुबईपर्यंत लोक एका म्हातारीचा श्वास ऐकत होते आणि कुणीही उठून गेलं नाही, असं मोनिकानं नंतर सांगितलं.

पंचवीस दिवसांनी बायडाबाई गेल्या. या खेपेला भीमराज उशाशी होता.

'शुक्रवारचं दळण' अजून चालू आहे. विषयही आहेत, पण शेवटची पंधरा मिनिटं बाई मोकळी ठेवतात, ज्याला जे गायचं त्यानं ते गावं. माझ्या मानेवरचं बटण वर सरकवून त्यांनी त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून टाकली आहे. पोचा पडलेलं डोकं आणि मानेला पट्टी, मी अगदी दवाखान्यातून पळालेल्या माणसासारखा दिसतो. मोनिकानं एकदा ती पट्टी काढायला हात पुढं केला, तर बाई केवढ्या तरी ओरडल्या.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पुसलं नाही तरी चालेल, पेटीत टाकलं तरी चालेल, माझी सवय झाली आहे. फक्त घरात कुणी म्हातारं माणूस बोलता बोलता दम घ्यायला थांबलं, तर त्याचं संपलं असं समजून उठू नका. थोडं बसा. भीमराजनं उचलली ती ओळ भीमराजची होती. बायडाबाईंच्या मनातली कोणती होती, ते मला ठाऊक नाही आणि आता कुणालाच कळणार नाही. शिंगणापूरच्या त्या गर्दीत मी किती हरवलेली माणसं परत आणली. ही एक ओळ मात्र माझ्यासमोर हरवली, आणि तिला पुकारायचं तरी कोणत्या नावानं?